सरकारी वकील, साक्षीदार आणि राज्यसभा

(पौड, ता. मुळशी येथे मंडळीच्या आणि संस्थेच्या मदतकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



पाळकसाहेब, मंडळीतील वडीलधारे, पुण्याहून आलेले आपले मदतकर्ते, आणि सकाळपासून चालत, वडापने, मिळेल त्या गाडीने वाड्यांवरून आलेल्या माझ्या बहिणींनो,

मला विषय दिला आहे 'आदिवासी आणि कायदा'. या विषयावर कलमं वाचून दाखवली तर तुम्हाला झोप येईल, आणि जेवणाला अजून वेळ आहे. म्हणून मी एका माणसाबद्दल बोलणार आहे. ते आपल्या मंडळीतले नाहीत, आदिवासीही नाहीत. टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांना पाहिलं आहे. ॲडव्होकेट उज्ज्वल निकम. जळगावचे सरकारी वकील, आज राज्यसभेचे खासदार. आधीच सांगते, हे कुठल्या पक्षाच्या बाजूचं किंवा विरोधातलं भाषण नाही. तुम्ही मत कोणाला देता ते तुमचं तुम्ही आणि तुमची सदसद्विवेकबुद्धी.

निकमसाहेब १९५३ सालचे, जळगावचे. वडील बॅरिस्टर. मुलाने कायद्याचं शिक्षण जळगावातच घेतलं आणि तिथल्याच जिल्हा न्यायालयात सरकारी वकील म्हणून काम सुरू केलं. म्हणजे केळीच्या बागांच्या मुलखातले खून, मारामाऱ्या, हुंड्याचे खटले. तसंच चालू राहिलं असतं, तर आज त्यांचं नाव जळगावबाहेर कुणाला माहीत नसतं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली, आणि त्या खटल्यासाठी सरकारने या जिल्ह्याच्या वकिलाला विशेष सरकारी वकील म्हणून मुंबईला नेलं. निकाल लागायला २००६-०७ उजाडलं. शंभर आरोपी दोषी ठरले. एका खटल्यात माणसाची उमेदीची वर्षं गेली. पुढे गुलशन कुमार खून, प्रमोद महाजन खून, खैरलांजी, २६/११, शक्ती मिल, कोपर्डी. राज्यात मोठा गुन्हा झाला की लोक मोर्चे काढून मागणी करायला लागले, 'खटला निकमांकडे द्या.' २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर सहाशेच्या वर जन्मठेपा सांगितल्या जातात.

आता वाडीवरच्या बहिणींसाठी एक गोष्ट सोपी करून सांगते, शहरातल्यांनी जरा थांबावं. कुणी तुम्हाला मारलं, तुम्ही पोलिसात फिर्याद दिली, तर कोर्टात तुमचा वकील कोण? तुम्ही पैसे देऊन लावता तो नव्हे. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, म्हणून तुमच्या बाजूने उभा राहतो तो सरकारी वकील. तालुक्याच्या न्यायालयात सहायक सरकारी वकील असतात, सत्र न्यायालयात सरकारी वकील. आरोपी ऐपतदार असेल तर तो पुण्या-मुंबईचा मोठा वकील लावतो. तुमच्या वाट्याला मात्र त्या दिवशी त्या कोर्टात जे असतील ते. श्रीमंताचा खटला असो की कातकऱ्याचा, फिर्यादीचं नशीब या एका माणसाच्या तयारीवर असतं. म्हणून या माणसाबद्दल आपण बोलायला हवं.

२६/११ च्या खटल्याचं दोषारोपपत्र अकरा हजारांहून अधिक पानांचं होतं. सहाशेहून जास्त साक्षीदार. आर्थर रोड तुरुंगातच न्यायालय उभारलं. २००९ च्या उन्हाळ्यात खटला सुरू झाला आणि ६ मे २०१० ला कसाबला शिक्षा सुनावली. एका वर्षात. याचं श्रेय न्यायाधीश ताहिलियानींना आहे, पोलिसांना आहे, आणि निकमांनाही आहे. त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली, हेही लक्षात ठेवा. पण एक वर्ष! सरकारने ठरवलं, जागा दिली, माणसं दिली, साक्षीदारांना आणलं-नेलं, संरक्षण दिलं, तर आपल्याच देशात एवढा मोठा खटला एका वर्षात संपतो.

आता मी आपल्या कामातला एक खटला सांगते. गाव, जिल्हा, नावं सांगणार नाही. मुळशीतला नाही, एवढं सांगते. नदीत मासे धरण्यावरून एका कातकरी माणसाला गावातल्या दोघा-तिघांनी काठ्यांनी मारलं, जातीवरून शिव्या दिल्या. बायको समोर होती. ती मुख्य साक्षीदार. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. या कायद्यात लिहिलंय की दोषारोपपत्र आल्यावर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा. दोन महिने! खटला सुरू व्हायलाच चार वर्षं लागली.

त्या चार वर्षांत काय झालं? दिवाळी झाली की वाडी रिकामी होते, हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, माणसं वीटभट्टीवर नाही तर कोळशाच्या भट्टीवर. पावसाच्या तोंडावर परत येतात. समन्स आलं फेब्रुवारीत. झोपडीला कुडाचं दार लावलेलं, माणूस नाही. 'साक्षीदार मिळून आला नाही' असा शेरा. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा आमच्या कार्यकर्त्याने भट्टी शोधून काढली, मुकादमाशी भांडण केलं, आणि तिला घेऊन आला. तिच्या कडेवर दीड वर्षाचं पोर. सकाळी साडेदहाला कोर्टाच्या पायरीवर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सरकारी वकील पहिल्यांदा भेटले. हातात तीस-चाळीस फायली. वाईट माणूस नव्हते हो, थकलेले होते. उभ्या उभ्या पाच मिनिटं बोलले. तिचा जबाब पोलिसांनी लिहिला त्याला चार वर्षं झाली होती, तो तिला कुणी एकदाही वाचून दाखवला नव्हता. चार वाजता पुकारा झाला. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, काठी कुठल्या हातात होती? किती वाजले होते? तिच्याकडे घड्याळ कुठलं! ती म्हणाली, 'सूर्य डोंगराआड गेला होता.' जबाबात लिहिलेलं होतं, 'दुपारी'. झालं. विसंगती.

आरोपी सुटले. परतीच्या एस.टी.त ती मला म्हणाली, 'ताई, मी खोटं बोलले का?' मी तिला 'नाही' म्हटलं. त्याच्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

कायदा या बाईच्या बाजूचा आहे की नाही? आहे. १९९५ च्या नियमांत लिहिलंय की साक्षीदाराला येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची किमान मजुरी द्यायची. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं अख्खं स्वतंत्र कलम आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे सगळं सांगतेय: त्याच नियमांच्या चौथ्या नियमात आहे की पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांतसाहेब नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात, फी सरकार देणार. म्हणजे 'खटला निकमांकडे द्या' ही मागणी करायला मोर्चा लागत नाही. कातकरी बाईचा साधा अर्ज चालतो. पण असा अर्ज करता येतो हे तिला सांगणार कोण?

खैरलांजीचं थोडं सविस्तर बोलते, कारण लोक त्यातली एक गोष्ट विसरतात. भंडारा जिल्ह्यातलं गाव, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखाताई, मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर, चौघांना मारलं. का मारलं? जमिनीचा जुना वाद होताच. पण त्याच्या आधी गावातल्या काही लोकांनी एका माणसाला मारहाण केली होती, आणि सुरेखाताई आणि प्रियंकाने मारणाऱ्यांची ओळख पोलिसांना पटवून दिली होती. ते लोक जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे घडलं. म्हणजे त्या माय-लेकी साक्षीदार होत्या! साक्ष दिली म्हणून गेल्या. खटला निकमसाहेबांनी चालवला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. आणि ॲट्रॉसिटी कायदा? तो दोन्ही न्यायालयांनी लागू धरला नाही. राज्यातला सर्वांत नावाजलेला सरकारी वकील उभा असूनही खून सिद्ध झाला, जात सिद्ध झाली नाही. दलित संघटनांनी यावरून पोलीस तपासावर आणि सरकारी पक्षावर कडक टीका केली. मला ती टीका पटते. भय्यालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले, शेवटपर्यंत न्याय अर्धाच मिळाला म्हणत.

आणि एक गोष्ट मला त्यांची अजिबात आवडली नाही, तीही इथे बोलली पाहिजे, नाहीतर हे कौतुकाचं भाषण होईल. खटला चालू असताना कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, अशी बातमी देशभर झाली. २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकमसाहेबांनी स्वतःच सांगितलं की बिर्याणीचं ते आपण रचलं होतं. रक्षाबंधनाच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आलं अशी चर्चा माध्यमांत सुरू झाली होती, सहानुभूती तयार होऊ लागली होती, ती मोडायची होती, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळांना यात गैर काही वाटत नाही. कसाबच तो, त्याची कसली बाजू घ्यायची? मी कसाबची बाजू घेत नाही. १६६ माणसं गेली त्या हल्ल्यात. पण पुरावा इतका भक्कम होता की तिखटमिठाची गरज नव्हती. आणि सरकारी वकील हा नुसता शिक्षा मिळवून देणारा माणूस नाही, त्याने खरं ते न्यायालयापुढे ठेवायचं असतं, आरोपीच्या फायद्याचं असलं तरी. आज ही गोष्ट आपल्या लोकांना कुठे लागते बघा. गावात मोटार चोरीला गेली, विहिरीवरची केबल गेली, की पहिला हात कुणाच्या पोरावर पडतो? कातकऱ्याच्या, पारध्याच्या. दुसऱ्या दिवशी पेपरात 'अट्टल चोरटे'. तेव्हा आपलं पोर आरोपीच्या पिंजऱ्यात असतं आणि समोर तोच सरकारी वकील असतो. त्याने कोर्टाबाहेर रचलेलं एक वाक्यसुद्धा त्या पोराचं आयुष्य खाऊ शकतं. म्हणून मला सरकारी वकील हुशार हवा, आणि त्याच्याआधी खरा हवा.

आता दिल्लीकडे येते. २०२४ च्या लोकसभेला भाजपने त्यांना उत्तर-मध्य मुंबईतून उभं केलं. योगायोग पाहा, तिथे आधी खासदार होत्या पूनम महाजन, ज्यांच्या वडिलांच्या खुनाचा खटला निकमांनीच चालवला होता. त्यांचं तिकीट कापून यांना दिलं. उमेदवारीसाठी त्यांनी हातातले सरकारी खटले सोडले. वर्षा गायकवाड यांच्याकडून १६,५१४ मतांनी हरले. हरल्यावर सरकारने पुन्हा त्याच खटल्यांवर नेमलं, विरोधकांनी आरडाओरडा केला, आणि तो अगदीच विनाकारण नव्हता. पक्षाचा उमेदवार म्हणून मतं मागितलेल्या माणसाने पुन्हा सरकारी वकिलाचा काळा कोट घातला, तर समोरच्या आरोपीला शंका येणारच. मग जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नियुक्ती केली. राज्यसभेत असे बारा सदस्य नेमले जातात. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या चार क्षेत्रांतले लोक त्यासाठी घ्यावेत, असं घटना सांगते. वकिली त्या यादीत नाही. समाजसेवा आहे. सहा वर्षांची मुदत. (हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत जिल्ह्याचा सरकारी वकील लोकांच्या मतांवर निवडून येतो. कमला हॅरिस सॅन फ्रान्सिस्कोच्या तशा वकील होत्या, मग सिनेटर, मग उपाध्यक्ष. आणि आपल्याकडे उलटं उदाहरणही आहे: मुंबई स्फोटांच्या खटल्यात आरोपींची बाजू लढवणारे माजिद मेमनसुद्धा पुढे राष्ट्रवादीकडून राज्यसभेत गेले.)

मग यात आपलं काय? पुष्कळ आहे. न्यायालयात वकील एक खटला जिंकतो. संसदेत एक ओळ बदलली तर हजार खटले बदलतात. हे मी हवेत बोलत नाही. १९७२ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा खटला म्हणतात त्याला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क! तेव्हा कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांपैकी एक आपल्या पुण्याच्या, वसुधा धागमवार. देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. पोलीस कोठडीत असा प्रकार झाला आणि बाईने सांगितलं की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालायचं. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. नंतरच्यांना झाला.

किंवा अगदी अलीकडचं. मार्च २०१८ मध्ये कराडच्या एका महाविद्यालयातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची अट घातली, अटकेला परवानगीची अट घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने एक नवं कलम घालून त्या अटी काढून टाकल्या. इथे मुळशीत तर आपल्याला हे माहीतच असायला हवं. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे टाटांच्या धरणाविरुद्ध लोकांना घेऊन उभे राहिले. समोर काय होतं? १८९४ चा भूसंपादन कायदा. सत्याग्रह हरला, गावं पाण्याखाली गेली. तो कायदा बदलायला २०१३ साल उजाडावं लागलं. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या कातकऱ्याला भरपाई कशाची?

एकट्या खासदाराच्या हातात फार नसतं, हेही मला ठाऊक आहे. कुठल्याही सदस्याला स्वतःचं विधेयक मांडता येतं, पण स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरी प्रश्न विचारता येतो, आणि मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर कागदावर राहतं. आपल्यासारख्यांना तो कागद फार उपयोगी पडतो.

निकमसाहेबांना जे माहीत आहे ते राज्यसभेतल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल. फितूर झालेला साक्षीदार कसा दिसतो, संरक्षण मिळालेला कसा बोलतो, तयारीला वेळ मिळालेला वकील काय करू शकतो. हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षं पाहिलंय. म्हणून त्यांना विचारायचं. भीक मागायची नाही. लूकच्या शुभवर्तमानातली ती विधवा आठवा, न्यायाधीशाच्या मागे लागलेली. ती पुन्हा पुन्हा गेली, एवढंच तिने केलं.

आपण एक पत्र तयार केलं आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत. नियमाप्रमाणे साक्षीदाराला मिळायचं भाडं आणि मजुरी महाराष्ट्रात गेल्या पाच वर्षांत किती आदिवासी साक्षीदारांना प्रत्यक्ष मिळाली, हा प्रश्न सभागृहात विचारावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत प्रत्येक राज्याने साक्षीदार संरक्षण योजना करायची म्हटलंय; तिच्यात स्थलांतरित मजुरांसाठी तरतूद असावी, म्हणजे समन्स भट्टीवर जाईल, रिकाम्या झोपडीवर नाही. आणि ॲट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयातल्या सरकारी वकिलाने साक्षीच्या किमान आठवडाभर आधी साक्षीदाराला भेटावं, तिच्या बोलीत, जबाब वाचून दाखवावा. तिसरी मागणी फार साधी वाटेल. ज्यांनी कोर्टाच्या पायरीवर दिवस काढलाय त्यांना विचारा.

पुण्याच्या मदतकर्त्यांनो, तुमच्यात कुणी वकील असेल तर चौथ्या नियमाखालचा अर्ज मराठीत, एका पानात, भरायच्या रिकाम्या जागा सोडून तयार करून द्या. तो प्रत्येक वाडीवर ठेवायचा आहे, जातीच्या दाखल्यांच्या फायलीबरोबर. दाखले अजून सगळ्यांचे झालेले नाहीत, आणि दाखल्याशिवाय हा सगळा कायदा कोरा कागद आहे, तेही काम चालू आहे.

पत्रावर सह्या आणि अंगठे दिवाळीच्या आधी घ्यायचे आहेत. एकदा दिवाळी झाली की वाड्यांवर म्हातारी आणि कुत्री तेवढी राहतात. शाईचा पॅड मी आणलाय, जेवणं झाली की दाराजवळच्या टेबलावर ठेवते.